मेट

नोंदवहीत पाच रकाने होते. नाव, वय, गाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. चौकीवरच्या पोरानं वही तात्यांपुढे सरकवली. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, सावकाश नाव लिहिलं, वय ७२ लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन तसंच धरून ठेवलं. मागे पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतली बारा-पंधरा पोरं-पोरी रांगेत उभी होती. त्यांना गड गाठायची घाई. "काका, गाव लिहा की," पोरगा म्हणाला. तात्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या पाठीमागच्या झाडीकडे, आणि लिहिलं: कोपरखैरणे.

त्या झाडीत, चौकीपासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या आईचं माहेर होतं.

जागेचं नाव मेट इंदवली. सातारा जिल्ह्यात जावळीच्या पश्चिम टोकाला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर. वासोट्याला जाणाऱ्या कुणालाही हे नाव ठाऊक असतं, पण ते गावाचं नाव म्हणून नाही. लाँच जिथे लागते, पावती जिथे फाडतात, तो पायथा म्हणून. गोल चक्कर अशी: बामणोलीहून लाँचनं दीड तास, मेट इंदवली, जंगलातून चढून वासोटा, गडावरून निम्मं उतरून धारेनं नागेश्वराची गुहा, तिथून ओढ्यानं खाली, परत मेट इंदवली. पायात बळ असेल तर हे सगळं एका दिवसात बसतं. आणि बसवावंच लागतं, कारण आता मुक्काम चालत नाही. दिवस मावळायच्या आत काठावर यावं लागतं.

मी पहिल्यांदा इथे आलो तो नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना. तेव्हा मुक्काम चालायचा. आम्ही सहा जण होतो, पिठलं-भात शिजवायचा बेत होता, आणि चुलीला दगड हवे होते. दगड आयतेच मिळाले. चांगले घडीव, एका बाजूनं सपाट. कुठल्याशा जुन्या बांधकामाचे असावेत, एवढंच तेव्हा डोक्यात आलं, आणि तेही भात उतू जाईपर्यंतच टिकलं. ते जोत्याचे दगड होते, हे कळायला मला तीस वर्षं लागली, आणि तात्या लागले.

तात्या म्हणजे माझ्या मित्राचे मामा. नाव छापू नका म्हणाले, म्हणून तात्याच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आधी मशीद बंदरला आणि मग तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली. त्यांचं स्वतःचं गाव धरणात गेलं. "आमचं गाव पान्यात, आजोळ झाडीत," ते सांगतात, आणि हे वाक्य इतक्या वेळा सांगून झालंय की त्यात आता तक्रारीचा सूरही उरलेला नाही. पत्ता सांगावा तसं सांगतात. दरवर्षी पौषात एक शनिवार धरून ते इथे येतात. वासोट्याला नाही, नागेश्वरालाही नाही. मारुतीला तेल घालायला. यंदा मी त्यांच्याबरोबर गेलो.

*

साताऱ्याहून बामणोलीचा रस्ता कासच्या पठारावरून जातो. सप्टेंबरात तिथे फुलांपेक्षा गाड्या जास्त असतात. जानेवारीत पठार जळक्या भाकरीसारखं असतं आणि रस्ता मोकळा. पुढे घाट उतरला की पाणी दिसायला लागतं, आणि पहिल्यांदा येणारा माणूस हमखास म्हणतो, काय सुंदर तळं आहे. मीही म्हणालो होतो.

कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि खरं तर तिनं निमूटपणे कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळायचं. मध्येच, पाटण तालुक्यात, हेळवाकजवळ तिच्यावर धरण बांधलं गेलं. १९५६ च्या सुमाराला काम सुरू झालं, १९६४ मध्ये पुरं झालं. १०३ मीटर उंच. मागे सुमारे पन्नास किलोमीटर पाणी तुंबलं, थेट तापोळा-बामणोलीपर्यंत, जिथे सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात. पुढे पूर्वेला वळणाऱ्या या नदीचं पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या पोटात, पोफळीला, खाली सोडलं आणि त्यावर वीज केली. सगळा प्रकल्प मिळून सुमारे १९६० मेगावॉट. पाणी चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते यामुळे, आणि म्हणणं खोटं नाही. मुंबई-पुण्याचे कारखाने आणि दिवे या पाण्यावर चालले. काठावरच्या अनेक वाड्यांना मात्र त्यातला दिवा दिसायला पुढची कित्येक वर्षं गेली.

लाँच निघाली. धक्का सुटल्यावर तात्या बाकावरून उठून नाळेकडे जाऊन बसले. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी हात पाण्याकडे केला. "हितं खाली आमची खाचरं. आंबेमोहर पिकायचा." हात तसाच थोडा पुढे सरकला. "आन् हितनं गाडीवाट." लाँच चालवणाऱ्यानं हसून मान हलवली, तोही याच पाण्याच्या काठावरच्या एका गावचा. म्हणाला, "तात्या दर वर्सी जागा बदलत्यात. गेल्या खेपेला त्या टेकाडापाशी सांगितली व्हती."

"पानी कमी-जास्त व्हतंय, त्याला मी काय करू?" तात्या म्हणाले.

या खोऱ्यात धरणाची गोष्ट जमिनीच्या भाषेत ऐकली की वेगळी दिसते. डोंगराळ मुलुखात भाताची खाचरं असतात ती नदीकाठी, सपाटीला. पाणी भरलं ते नेमकं त्या पट्ट्यात. वर उरली ती वरकस, नाचणी-वरईची उताराची जमीन आणि रान. काही गावं बुडाली आणि दूर गेली: ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर, जिथे सरकारनं जमीन दाखवली तिथे. काही गावं अर्धीच बुडाली आणि लोक पाण्याच्या पुढे पुढे वर सरकत गेले. आजची बामणोलीही अशीच वर सरकलेली आहे. पलीकडच्या काठाचं तर दळणवळणच तुटलं. पूर्वी नदी उतरून जायचं ते आता होडीनं. बाळंतिणीला होडी, आजाऱ्याला होडी, मतपेटीला होडी.

आणि हे सगळं झालं तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो पहिल्यांदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेचं धरण भरून बारा वर्षं झाल्यावर. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा सत्तरच्या दशकात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीतून गाजली. पुढच्या धरणांना तिचा उपयोग झाला. कोयनेच्या लोकांना मागे वळून भांडावं लागलं. २०१८ मध्ये, म्हणजे धरण पुरं होऊन चौपन्न वर्षं झाल्यावर, भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कोयनानगरला मोठा ठिय्या झाला. बसलेल्यांत नातवंडं होती, ज्यांनी गाव पाहिलेलंच नाही.

तात्या त्यात होते का? "एक दिस गेलो. मंडप, भाकऱ्या, भाषणं. पन समदी आपली मानसं भेटली. तेवडंच." मग थोडं थांबून, "आमच्यात लगीन जमवायचं आसलं तरी पयलं इचारत्यात, तुमचं कंचं गाव बुडालं?"

*

आता 'मेट'.

किल्ल्याची रचना आपण तटापासून वर पाहतो: दरवाजा, बुरूज, बालेकिल्ला. पण किल्ला तटाच्या बराच खाली सुरू होत असे. डोंगराच्या कमरेला आणि पायथ्याला, वाटा जिथे आवळल्या जातात तिथे, पहारे बसवलेले असत. ही मेटं. त्यांवरचे लोक ते मेटकरी. हे आडनाव आजही आहे. मोबदल्यात त्यांना जमिनी असत, म्हणजे चौकी आणि शेत एकच. सैनिक बदलत, किल्लेदार बदलत, राज्यंही बदलत. मेटावरचा माणूस पिढ्यान् पिढ्या तिथेच नांगरत आणि वाटेवर नजर ठेवत राही. महाबळेश्वराकडची मेटगुताड आणि मेटतळे, त्र्यंबकेश्वराजवळचं मेटघर किल्ला, ही नावं सहज उच्चारतो आपण. गाव काय काम करत होतं ते नावातच लिहिलेलं असतं.

वासोट्याला राखण हवीच होती, कारण हा किल्ला लढण्यासाठी कमी आणि माणसं डांबून ठेवण्यासाठी जास्त वापरला गेला. भोवती असं रान की पळणाऱ्यानं पळावं कुठे? शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये तो घेतला आणि व्याघ्रगड नाव दिलं, असं परंपरा सांगते. पेशवाईच्या उतरंडीला ताई तेलीण नावाची बाई पंतप्रतिनिधींच्या बाजूनं इथून पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी झुंजली. तिच्यावरच्या दोन चावट ओळी साताऱ्यात अजून म्हणतात, त्या इथे देत नाही. शेवटचे बडे कैदी आले ते १८१७-१८ च्या धामधुमीत: खुद्द छत्रपती प्रतापसिंहांना दुसऱ्या बाजीरावानं काही काळ इथे ठेवलं, आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच अडकून होते. इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. एप्रिल १८१८ मध्ये किल्ला पडला.

त्या दिवशी मेटाचं काम संपलं. गाव मात्र राहिलं. दीडशे वर्षं ते नुसतं गाव म्हणून राहिलं: नाचणी, वरई, गुरं, मध, हिरडा. कोकणातून चोरवण्याच्या वाटेनं मीठ आणि सुकी मासळी वर यायची. गडी माणसं पावसाळा सोडून मुंबईला. जावळी-पाटणची माणसं तिकडच्या गोद्यांमध्ये आणि बाजारांत ओझी वाहू लागली ती धरणाच्या कितीतरी आधी. माथाडी कायदा १९६९ चा, आणि तो ज्यांच्या लढ्यानं झाला ते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. तात्यांच्या दोन्ही मामांचा मशीद बंदरला गाळा होता. गाळा म्हणजे मालकीचा नव्हे, रात्री आठ जणांनी पथारी टाकायचा.

म्हणजे धरणानं भरल्या गावाला उठवलं असं म्हणताना जरा थांबायला हवं. घरं निम्मी बायकांवर, म्हाताऱ्यांवर आणि मनीऑर्डरीवर उभी होती. पण उभी होती.

*

चौकीतून पुढे वाट झाडीत शिरते. पुण्याची मंडळी ढांगा टाकत निघून गेली. त्यांच्या स्पीकरचं गाणं चौकीवरच बंद करायला लावलं होतं, ते बरं झालं. पाच-सात मिनिटं चाललो असू, तात्या थांबले. मला नुसती झाडी दिसत होती.

"हे दार," तात्या म्हणाले.

पाचोळा काठीनं बाजूला केल्यावर उंबऱ्याचा दगड दिसला. मधोमध झिजून किंचित खोलगट झालेला, बशीसारखा. दोन्ही कडा तशाच उंच. अनवाणी पायांनी दगड झिजायला किती पिढ्या लागत असतील, हा हिशेब मी मनात करू लागलो. तात्यांनी तो हिशेब केला नाही, ते उंबरा ओलांडून आत गेले. आत म्हणजे काय, चार बाजूंनी गुडघाभर जोतं, वर आकाश, आणि जोत्याच्या मधून उठलेलं मनगटाएवढ्या खोडाचं झाड. तरी ते उंबऱ्यावरूनच गेले. जोतं दोन ठिकाणी ढासळलेलं होतं, तिथून सरळ पाऊल टाकता आलं असतं.

भिंती का नाहीत, हे मी विचारलं. ओसाड गाव म्हटलं की आपल्याला पडक्या भिंती, लोंबतं दार, उघडी खिडकी अपेक्षित असते. तसं इथे काही नाही. उठताना लोकांनी घरं उकलून नेली. वासे, आढं, दारं, कौलं, खुंट्यासुद्धा. लाकूड म्हणजे पैसा होता. छप्पर गेल्यावर मातीच्या भिंतींना या मुलखातल्या पाच-सहा हजार मिलिमीटर पावसापुढे किती टिकाव लागणार? दोन-तीन पावसाळे. उरतं ते फक्त जे उचलून नेता येत नाही.

उखळ नेता येत नाही. पडवीच्या जागेला ते जमिनीत पुरलेलं होतं, अजून आहे. तोंडापर्यंत सुकी पानं. तात्यांनी खाली बसून एक एक मूठ पानं काढली. तळाशी काळी, कुजलेली, ओलसर पानं लागली, त्यांतून एक गोम निघून पळाली. मग दगड दिसला. आतून इतका गुळगुळीत की बोट फिरवावंसं वाटावं. ते म्हणाले, आजी आणि मोठी मामी समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या, दोन मुसळं एकाआड एक, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि ताल चुकला की मुसळांची टक्कर व्हायची आणि मग दोघींची. धान्य कुठलं? वरई. "वरीला लई कांडावं लागतं. पोटात जातंय कमी, हातातनं जातंय जास्त."

ढासळलेल्या कोपऱ्याशी जरा पुढे तीन दगड त्रिकोणात मांडलेले दिसले. मध्ये काळवंडलेली माती, अगदी जुनी, वर शेवाळ. कुणीतरी कधीतरी चूल मांडली होती. ती आमचीच असेल असं नाही. त्या काळात शेकडो लोक इथे राहून गेले. पण दगड तसेच होते, घडीव, एका बाजूनं सपाट. मी तात्यांना तिथेच सांगून टाकलं. ते हसले. "आमच्या आजीचं घर हाय, जेवून गेला आसाल तर बरंच केलं की." मग त्यांनी वाकून एक दगड उचलला आणि जोत्याच्या खिंडारात बसवला. दुसरा मी उचलला. तिसरा रुतलेला होता, निघाला नाही.

आजूबाजूला डोळा बसल्यावर गाव दिसू लागतं. जंगलाला सरळ रेघ ठाऊक नसते. जिथे सरळ रेघ दिसली तिथे बांध होता. एका जोत्यापुढे चाफा, एका मागे फणस. रानात आपोआप उगवलेला फणस आणि परसात लावलेला फणस यांत फरक काय, असं विचारलं तर तात्या म्हणाले, लावलेल्याला नाव असतं. हा कापा, त्याचं नाव 'मुंबईवाला', कारण त्याची फळं मुंबईला जायची. खालच्या मोकळ्या जागी, जिथे पूर्वी नाचणी व्हायची, तिथे आता गवत आहे आणि गवतात गव्यांच्या खुरांचे ताजे, खोल ठसे. गव्यांना जुनी शेतं आवडतात. माणसांनी पिढ्यान् पिढ्या सपाट करून ठेवलेली जमीन, दगड वेचलेले, वर ऊन पडतं, गवत लुसलुशीत. शेतकऱ्याची मेहनत फुकट गेली असं म्हणता यायचं नाही. फक्त पीक खाणारा बदलला.

कोयना अभयारण्य १९८५ चं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. त्यामुळे खोऱ्यातली गावं दोन खेपांत उठली: आधी पाण्यासाठी, मग रानासाठी. पहिल्या खेपेला वर सरकलेल्यांतल्या काहींना दुसऱ्या खेपेलाही उठावं लागलं. मी रानाच्या विरुद्ध नाही. त्याच दिवशी वर एका जांभळीवर शेकरू पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत झेप घेताना शेपूट मागे पताकेसारखं. आणि गावं असती, चुली असत्या, कोयते असते, तर ही जांभूळ इतकी जुनी झाली नसती हे मला कळतं. पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत कोयनाही आहे, आणि ती त्या यादीत शोभते. मला खुपतं ते एवढंच की आम्ही जिथे दिवसाला पावती फाडून जाऊ शकतो तिथे इथला माणूसही पावती फाडूनच जातो, आणि ती 'पर्यटक' म्हणून. आणि आता याच पाण्याच्या आजूबाजूला 'नवीन महाबळेश्वर' नावानं नवं गिरिस्थान वसवायचे आराखडे आहेत. वसवायचे म्हणजे कुणाला, हे मी तात्यांना विचारलं नाही. त्यांनी आधीच विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ठाऊक नाही.

*

ओढ्यापाशी मारुती आहे. छप्पर नाही, शेंदूर आहे. शेजारी गणपती. इथून चढ सुरू होतो. तात्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. "तुमी या जाऊन. मी हाय हितंच."

वर काय आहे ते हजारदा लिहून झालंय, म्हणून थोडक्यात. दीड-दोन तासांचा दाट सावलीचा चढ, शेवटी कारवीतून उघड्यावर येणारी वाट, फुटका दरवाजा, बिनछपराचा आणखी एक मारुती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, चुन्याची घाणी. मग बाबूकडा. नालेच्या आकाराचा, एकदम कोकणात कोसळणारा. त्याच्या काठावर उभं राहिलं की बोलणारी माणसं आपोआप हळू बोलतात. समोर जुना वासोटा, ज्यावरून तोफा डागल्या गेल्या, आता पार रानानं गिळलेला. पूर्वेला खाली शिवसागर. वरून तो फार देखणा दिसतो, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं निळं पाणी. मी मेट इंदवली शोधायचा प्रयत्न केला. चौकीचं छप्पर चकाकत होतं, लाँचा दिसत होत्या. गाव दिसलं नाही. मेटावरून किल्ला दिसायला हवा आणि किल्ल्यावरून मेट, तरच दोघांचा उपयोग. एवढी मोठी झाडं तेव्हा कुणी वाढू दिली नसती.

नागेश्वराकडे जाणारी वाट गडावरून उतरताना फुटते आणि मग धारेधारेनं जाते, एका बाजूला कोकण. अडीच तास. पाय भरून आले होते आणि पाणी जपून प्यावं लागत होतं, त्यामुळे निसर्गवर्णन करण्यासारखी माझी अवस्था नव्हती. शेवटच्या पायऱ्या चढून गुहेत गेलं की गारवा अंगावर येतो. कातळातून पिंडीवर थेंब थेंब पाणी ठिबकत असतं. महाशिवरात्रीला इथे चोरवण्याच्या बाजूनं कोकणातली माणसं लोटतात. तेव्हा ही घाटवाट जुन्या दिवसांसारखी वाहते. एरवी दोन माकडं आणि आमच्यासारखे.

गुहेतून उतरताना एक गोष्ट लक्षात आली. गोल फेरी मारणाऱ्याला गाव दोनदा लागतं, जाताना आणि येताना, आणि दोन्ही वेळा ते 'अजून सुरू झालं नाही' किंवा 'आता संपलं' अशाच जागी लागतं. जाताना डोळे वर गडाकडे, येताना खाली लाँचकडे.

*

साडेचारला मी मारुतीपाशी पोचलो. तात्या जोत्यावर टेकून झोपले होते, टोपी डोळ्यांवर. दिवसभर काय केलं? मारुतीला तेल घातलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. आणलेली भाकरी-चटणी आजीच्या घरात बसून खाल्ली. उखळ पुरतं साफ केलं. मग झोपले. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी रस्ता विचारला तो सांगितला. एका पोरीचा पाय मुरगळला होता, तिला ओढ्यात पाय घालून बसवलं. एका गटाला नागेश्वरची वाट समजून वासोट्याकडे चढताना परत बोलावलं. "सकाळपास्नं इस-पंचवीस जणांस्नी वाट दावली आसंल," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

मला खोबऱ्याचा तुकडा दिला. उरलेला प्रसाद त्यांनी पुडीत बांधून घेतला, वाशीला राहणाऱ्या बहिणीसाठी. तिचा जन्म याच घरातला. तिला गुडघ्यांमुळे लाँचमध्ये पाय टाकता येत नाही.

चौकीवर सकाळच्याच पोरानं वही उघडली. इथे आत जाताना प्रत्येकाच्या जवळचं प्लॅस्टिक मोजून लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि येताना तेवढंच दाखवलं की परत देतात. पद्धत उत्तम आहे. वाटेवर मला दिवसभरात एकच चॉकलेटचा कागद दिसला. माझ्या दोन बाटल्या, एक बिस्किटाचं वेष्टन: बरोबर. तात्यांची एक पाण्याची बाटली, एक पिशवी.

"काका, तीन लिहिलेत. तेलाची बाटली?"

तात्यांनी पिशवीत हात घातला, मग सदऱ्याच्या खिशात. "ऱ्हायली वाटतं. द्येवापाशी."

"ती न्यायची असते काका."

"तेल हाय आजून त्यात. कुनी आलं तर घालंल की."

पोरगा अडचणीत पडला. म्हातारा माणूस, दिवस कलतीला, शेवटच्या लाँचचा माणूस काठावरून हाका मारतोय. पण वहीत तीन लिहिलेले. मी म्हणालो, मी पळत जाऊन आणतो. तात्या म्हणाले, "थांबा, त्यो काय चुकीचं बोलत न्हाय. चौकीवरच्यानं सोडायचं नसतंच." आणि काठी घेऊन स्वतःच मागे वळले. मी त्यांच्या मागे.

ओढ्यापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागली. झाडीत अंधारू लागलं होतं. तात्यांनी बाटलीत उरलेलं तेल सगळं मारुतीच्या डोक्यावर रिकामं केलं, इतकं की ते पायापर्यंत ओघळलं, हात मारुतीच्याच पायांशी पुसला आणि बाटली काखेत मारली. येताना उंबऱ्याच्या जागेपाशी ते थांबले नाहीत. लाँचवाला आता शिट्ट्या मारत होता.

पोरानं बाटली पाहिली, वहीत तीनवर टिंब केलं, अनामत मोजून दिली. मग पेन पुढे केलं. जाण्याची वेळ राहिली होती. तात्यांनी माझ्या मनगटाकडे वाकून पाहिलं आणि लिहिलं: ५.५०. तिसऱ्या रकान्याकडे त्यांची नजर गेली. सकाळच्या 'कोपरखैरणे'नंतर थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी एक आडवी रेघ काढली आणि पुढे बारीक अक्षरात 'मेट' लिहिलं. पोरानं वही फिरवून वाचलं.

"हे काय, काका?"

"तुजंच गाव," तात्या म्हणाले. "चल, लाँच सुटंल."